मॉरिशसची संसद, सही शिकलेली आजी आणि उमेदवारी अर्जातला चौकोन

ओसरीवरचा | मंगळ, ११/०३/२०२५ - २१:४२

उद्या १२ मार्च. मॉरिशसचा राष्ट्रीय दिन. यंदा आपले पंतप्रधान तिकडे प्रमुख पाहुणे आहेत, त्यामुळे दोन दिवस चॅनलांवर निळं पाणी, गंगा तलाव आणि 'छोटा भारत' हेच दळण चालेल. त्या देशाने स्वतःचं राज्य कसं मिळवलं आणि कसं चालवलं यावर कुणी अवाक्षर काढणार नाही. म्हणून हा धागा.

मी २०१५ ते २०१७ तिथल्या एबेनला नोकरीत होतो. रोज ऑफिसला सोडणारा टॅक्सीवाला मराठी निघाला. म्हणजे घराणं मराठी. बोलायचा क्रिओल (तिथली फ्रेंचवरून घडलेली लोकभाषा) आणि फ्रेंच, माझ्याशी मोडकंतोडकं हिंदी. त्याच्याकडे उरलेली मराठी म्हणजे गणपतीच्या आरत्या आणि चार नात्यांची नावं. पूर्वज रत्नागिरीकडचे एवढं ठाऊक, पण गावाचं नाव कारकुनाने कागदावर असं काही उतरवलंय की आम्ही दोघं अर्धा तास डोकं खाजवून दमलो. आडनावही खरं आडनाव नव्हे, पणजोबांचं पाळण्यातलं नाव. तिथे पुष्कळांचं असंच झालंय. जहाजातून उतरताना जे नाव सांगितलं तेच पुढच्या पिढ्यांना चिकटलं.

एकदा त्याने कास्कावेलला घरी नेलं. भिंतीवर एका चौकटीत फोटोऐवजी कागद होता. वहीचं पान, दुरेघी, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर पेन्सिलीने देवनागरीत एकच नाव वीस-बावीस वेळा गिरवलेलं. पहिली ओळ कुणा जाणत्याच्या हातची. खालच्या थरथरत्या, अक्षरं रेघेबाहेर. शेवटच्या दोन ओळींत मात्र शिरोरेघ सरळ आलेली. "ग्रांमेर," तो म्हणाला. आजी. १९४८ च्या निवडणुकीआधी बैठकेत जाऊन सही शिकली. दिवसभर ऊस, रात्री कंदिलाखाली हे.

तिथल्या गावांत संध्याकाळी भरणाऱ्या शाळेला 'बैठका' म्हणतात. आणि सहीचं महत्त्व असं: १८८६ मध्ये मॉरिशसमध्ये पहिली निवडणूक झाली तेव्हा गव्हर्नरच्या कौन्सिलात निवडून द्यायच्या जागा होत्या १०. बेटावर वस्ती साडेतीन लाखांच्या वर, तिच्यात दोन तृतीयांश हिंदुस्थानातून आलेले गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आणि त्यांची मुलंबाळं. मतदार किती? चार हजारांच्या आसपास. मालमत्ता नाहीतर ठरावीक पगार असेल तरच मत. हा खेळ थोड्याफार फरकाने साठ वर्षं चालला. १९४७ च्या घटनेने अट बदलली: बेटावरच्या एखाद्या रूढ भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली आणि सही करता आली की मत, आणि ते बायकांनाही. मतदारयादी १२ हजारांच्या आसपास होती ती एका झटक्यात ७० हजारांच्या वर गेली. वासुदेव विष्णुदयाल यांच्या जन आंदोलनाचे स्वयंसेवक गावोगाव लोकांना सही शिकवत हिंडले होते. मळेवाले साहेब आरामात होते, की अडाणी मजुराला कुठलं लिहिता येतंय! इकडे मजूर कंदिलाखाली बसला होता.

१९५९ मध्ये सरसकट मतदान, १९६८ मध्ये स्वातंत्र्य. पण मला खरी चर्चा हवी आहे ती पुढच्या गोष्टीवर. आजही तिथे संसदेच्या निवडणुकीचा अर्ज भरताना उमेदवाराला आपला 'समुदाय' लिहावा लागतो. चारच पर्याय: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि उरलेले सगळे 'सर्वसाधारण जनता'. हा चौकोन स्वराज्याबरोबरच आला. माझं मत विचाराल तर तो चौकोन म्हणजे स्वराज्याची फेडलेली किंमत आहे, आणि आपण इथे बसून नाक मुरडू नये. पण तिथल्या तरुणांना तो नकोसा झालाय हेही खरं. बोला.

---

सातारी_तर्री | मंगळ, ११/०३/२०२५ - २१:५८

पहिला! कागदाचा किस्सा वाचून गप्प झालो. आमच्या आजीचा अंगठाच होता शेवटपर्यंत, आणि मत द्यायला मात्र सगळ्यात आधी रांगेत. आपल्याकडे १९५१-५२ ला एकदम सगळ्यांनाच मत दिलं, अट नाही फट नाही. केवढी मोठी गोष्ट होती ती, आता कळतंय.

---

खारेवारे | मंगळ, ११/०३/२०२५ - २२:२०

लेख छान, पण एक बाजू राहिली. इंग्रजांनी जिथे जिथे पाय ठेवला तिथे निदान सभागृह, सभापती, प्रश्नोत्तरं, छापील कामकाज ही शिस्त तरी मागे ठेवली. शेजारच्या फ्रेंच बेटांकडे बघा. रेयुनियन अजून फ्रान्सचाच जिल्हा आहे. मॉरिशसने १९६८ पासून एवढ्या निवडणुका घेतल्या, सरकारं बदलली, लष्कर नाही की बंड नाही. याचं थोडं श्रेय द्यायला काय हरकत आहे?

---

मुक्काम_पोस्ट | मंगळ, ११/०३/२०२५ - २३:३१

@खारेवारे, शिस्तीचं श्रेय द्या की, पण ती मुकाट्याने हातात ठेवली असं म्हणू नका. जरा तारखा लावून बघू.

१८१० मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतलं. शरणागतीच्या अटींत कबूल केलं की इथले कायदे, धर्म, चालीरीती जशाच्या तशा राहतील. त्यामुळे मळे, साखर, दिवाणी कायदा, वर्तमानपत्रं सगळं फ्रेंच वंशाच्या मूठभर घराण्यांकडेच राहिलं. १८३५ ला गुलामी संपली, पण त्याच्या आदल्याच वर्षी गिरमिटिये आणायला सुरुवात झाली होती. कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई, तिन्ही बंदरांतून. एकूण साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली, त्यांतली बहुतेक पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढून. एक दिवस खाडा केला तर दोन दिवसांची मजुरी कापायची पद्धत होती, तिला 'डबल कट' म्हणत. १८८६ चं ते १० जणांचं कौन्सिल याच मळेवाल्यांचं होतं. मळ्यातल्या माणसाला त्या सभागृहाचा उपयोग काय?

गांधीजी १९०१ ला दक्षिण आफ्रिकेतून परतताना वाटेत तिथे थांबले होते. पुढे त्यांच्या सांगण्यावरून १९०७ ला बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर गेले, मजुरांचे खटले चालवले, 'हिंदुस्थानी' नावाचं पत्र काढलं. (हे मणिलाल शेवटी आपल्या मुंबईत वारले, १९५६ ला.) तरी कौन्सिलात पहिले दोन हिंदी वंशाचे सभासद निवडून यायला १९२६ उजाडलं. दहा वर्षांनी, १९३६ ला मोरिस क्युरे यांनी मजूर पक्ष काढला. १९३७ ला उसाच्या भावावरून दंगे, गोळीबार. १९४३ ला बेल व्ह्यू आरेलला संपावरच्या मजुरांवर पुन्हा गोळीबार, त्यात अंजले कूपन ही गरोदर बाई मेली. आज तिच्या नावाचं स्टेडियम आहे तिथे.

एवढं सगळं झाल्यावर १९४८ ची मतदारयादी आली. आणि तेव्हाही १९ निवडलेल्यांच्या शेजारी १२ नेमलेले आणि तीन सरकारी अधिकारी बसवले होते, तराजू झुकू नये म्हणून. याला 'शिस्त मागे ठेवली' म्हणतात होय?

---

खारेवारे | बुध, १२/०३/२०२५ - ०८:०५

मान्य, तारखांपुढे बोलती बंद. पण इंग्रज गेल्यावर ते सभागृह मोडलं नाही हे तर खरं ना?

---

मुक्काम_पोस्ट | बुध, १२/०३/२०२५ - ०८:४०

मोडलं नाही, पण वाकलं होतं. सावकाश लिहितो, आता लोकल पकडायची आहे.

---

गणिताचा_मास्तर | बुध, १२/०३/२०२५ - १०:१२

चौकोनाचं गणित कुणी सांगितलं नाही, ते सांगतो. मला या निवडणूक पद्धतीचं वेड आहे, घरी कुणी ऐकत नाही.

बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकी तीन जागा. रॉड्रिग्स बेटाच्या दोन. झाले ६२. मतदाराच्या हातात तीन मतं, ज्याला जास्त मतं तो आत. इथवर आपल्यासारखंच. यानंतर जास्तीत जास्त आठ जागा पडलेल्या उमेदवारांतून भरायच्या. तिथे याला 'बेस्ट लूझर' म्हणतात, म्हणजे पडलेल्यांतले सगळ्यात वरचे.

पहिल्या चार जागा समुदाय बघून. प्रत्येक समुदायाची लोकसंख्या घ्यायची, तिला त्याच्या आलेल्या जागा अधिक एक याने भागायचं. ज्याचा भागाकार सगळ्यात मोठा, त्याच्यावर जास्त अन्याय झालाय असं धरून त्याला जागा. लोकसंख्या कुठली? १९७२ ची! बेटावर हिंदू ४,२८,१६७, सर्वसाधारण २,३६,८६७, मुस्लिम १,३७,०८१, चिनी २४,०८४.

समजा (हे आकडे मी बनवले, फक्त समजायला) निकालात हिंदू ३७, सर्वसाधारण १७, मुस्लिम ७, चिनी १ असे आले. मग भागाकार:

हिंदू: ३८ ने भागून ११,२६८
सर्वसाधारण: १८ ने भागून १३,१५९
मुस्लिम: ८ ने भागून १७,१३५
चिनी: २ ने भागून १२,०४२

पहिली जागा मुस्लिम उमेदवाराला. आता मुस्लिम आठ झाले, म्हणून ९ ने भागा: १५,२३१. अजून सगळ्यात वर, दुसरीही त्यांना. मग १० ने: १३,७०८. तिसरीही. मग ११ ने: १२,४६२. आता १३,१५९ वर आले, म्हणजे चौथी सर्वसाधारणला.

नंतरच्या चार जागा पक्षांचा तोल पहिल्या चारांमुळे बिघडला असेल तर तो सावरायला. खिडकीबाहेर फटाके वाजत असताना आत निवडणूक आयोगाची माणसं भागाकार करत बसलेली असतात, ही कल्पनाच मला फार आवडते.

---

सातारी_तर्री | बुध, १२/०३/२०२५ - १०:३०

मास्तर, दंडवत. पण १९७२ ची लोकसंख्या २०२४ च्या निवडणुकीला? आमच्या ग्रामपंचायतीत मेलेली माणसं मतदारयादीत असतात, हे त्याच्याही पुढचं झालं.

---

गणिताचा_मास्तर | बुध, १२/०३/२०२५ - १०:४४

१९८२ ला नव्या सरकारने ठरवलं की जनगणनेत समुदाय विचारायचाच नाही, आपण सगळे मॉरिशियन. हेतू उत्तम. पण भागाकार तर घटनेत लिहिलेला, मग भाज्य आणायचा कुठून? शेवटचा आकडा १९७२ चा होता, तोच गोठवला. प्रश्न काढून टाकला आणि उत्तर ठेवलं.

---

शेवंतीचीवेणी | बुध, १२/०३/२०२५ - १३:१५

मी मोकाला काही काळ मराठी शिकवायला होते, म्हणून या धाग्यावर राहवलं नाही.

त्या चार चौकोनांत मराठी माणूस कुठे? हिंदूत. तसाच तमिळ, तसाच तेलुगू. पण तिथे रोजच्या बोलण्यात 'हिंदू' म्हणजे भोजपुरी-हिंदीवाले. मराठी, तमिळ, तेलुगू स्वतःला वेगळं सांगतात. माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणायची, "मॅडम, आम्ही घरी मराठी, रस्त्यावर मॉरिशियन आणि फॉर्मवर हिंदू." आकडाशास्त्राच्या दृष्टीने मराठी समाज चिमूटभर, शंभरात दोन. पण त्यांची मंडळं आहेत, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी आहे, शाळेत मराठी विषय आहे. हे सगळं मागून, भांडून, प्रत्येक निवडणुकीआधी पुढाऱ्यांना बोलावून मिळवलेलं आहे. पुढारीही गणपतीत हजर असतात, फेटा बांधून. इकडच्यासारखंच.

आणि ते लोक जी 'झाकरी' नाचतात ती आपली कोकणातली जाखडी हो! पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी ढसाढसा रडले होते. ठेका तोच, शब्द अर्धे क्रिओल.

सभागृहातल्या भाषेचीही गंमत आहे. घटनेचं ४९ वं कलम म्हणतं, सभेची भाषा इंग्रजी, पण सदस्याला सभापतींशी फ्रेंचमध्येही बोलता येईल. आणि लोक घरात बोलतात क्रिओल. म्हणजे भांडण चिडीला आलं की सन्माननीय सदस्य पटकन क्रिओलवर घसरणार आणि सभापती त्यांना पुन्हा इंग्रजीवर आणणार. मंगळवारी दुपारी टीव्हीवर लागतं. विरोधी पक्षनेत्याला सुरुवातीलाच एक खास प्रश्न विचारायचा हक्क असतो. तो प्रश्न काय असेल यावर सकाळपासून चहाच्या टपरीवर पैजा.

---

ओसरीवरचा | बुध, १२/०३/२०२५ - १३:५०

@शेवंतीचीवेणी, माझा टॅक्सीवाला मंगळवारी दुपारी भाडं घ्यायचा नाही. आता कारण कळलं!

---

मांडवीपार | बुध, १२/०३/२०२५ - १६:०२

गोंयकार म्हणून एक साम्य दाखवतो. मॉरिशसचा निर्णय कधी झाला? ७ ऑगस्ट १९६७ ची निवडणूक. गाएताँ द्युव्हाल यांच्या पक्षाला सार्वमत हवं होतं, पूर्ण स्वातंत्र्याऐवजी ब्रिटनशी जोडलेलं राहायचं होतं. इंग्रजांनी सार्वमत नाकारलं आणि सांगितलं, निवडणूकच काय ते ठरवेल. मजूर पक्षाचे नेते शिवसागर रामगुलाम यांच्या आघाडीला ६२ पैकी ३९ जागा, समोर २३. पण मतांत बघाल तर सुमारे ४४ टक्के लोक स्वातंत्र्याच्या विरोधातल्या बाजूला.

त्याच वर्षी १६ जानेवारीला आमच्याकडे जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरण नको म्हणणारे १,७२,१९१, हवं म्हणणारे १,३८,१७०. टक्केवारी जवळपास तशीच. आणि हरलेल्या बाजूची माणसं दुसऱ्या दिवशी त्याच गावात, त्याच बाजारात. आमच्याकडे त्याचे ओरखडे किती वर्षं राहिले ते मला माहीत आहे. तिथे तर जानेवारी १९६८ ला पोर्ट लुईमध्ये दंगली पेटल्या, ब्रिटिश सैन्य आणावं लागलं, राजघराण्यातल्या पाहुण्यांचा दौरा रद्द झाला. १२ मार्चला शां द मार्सच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर चाररंगी झेंडा चढला तेव्हा जवळपास निम्मा देश घरात दार लावून बसला असेल.

म्हणून चौकोनाबद्दल मी ओसरीवरच्यांशी सहमत. जिंकलेल्यांनी हरलेल्यांना दिलेली ती हमी होती.

---

खारेवारे | बुध, १२/०३/२०२५ - १८:२५

पण मग हे आपल्या १९०९ च्या विभक्त मतदारसंघांसारखंच झालं की. त्याचा शेवट कुठे गेला ते आपण पाहिलंय. हमी देता देता भिंती पक्क्या होतात.

---

गणिताचा_मास्तर | बुध, १२/०३/२०२५ - १८:५१

नाही, इथेच खरी मेख आहे. १९०९ ला मुस्लिम मतदाराची यादी वेगळी झाली. १९१६ च्या लखनौ करारात टिळकांनीही तडजोड म्हणून ते पत्करलं. मॉरिशसमध्येही अब्दुल रझाक मोहम्मद यांच्या मुस्लिम पक्षाची मागणी वेगळ्या यादीचीच होती. ती मिळाली नाही. यादी एकच ठेवली. सगळ्यांनी सगळ्यांना मत द्यायचं, त्यामुळे उमेदवाराला प्रत्येक गल्लीत जावं लागतं. तोल नंतर, मोजणी संपल्यावर, पडलेल्यांतून साधायचा. मत देताना भिंत नाही, मोजताना आहे. फरक बारीक आहे, पण माझ्या मते या बेटाला दोन भागांत फुटण्यापासून त्यानेच वाचवलं.

अवांतर: ही तडजोड १९६६ ला घडवून आणायला लंडनहून आलेले मंत्री होते जॉन स्टोनहाउस. हे तेच गृहस्थ, ज्यांनी १९७४ ला मायामीच्या किनाऱ्यावर कपडे ठेवून स्वतःच्या मरणाचं नाटक केलं आणि महिन्याभराने ऑस्ट्रेलियात सापडले.

---

सातारी_तर्री | बुध, १२/०३/२०२५ - १९:०३

पडलेल्याला पुन्हा आत आणायची योजना करणारा माणूस स्वतः मेलेला परत आला. जमलंय.

---

मुक्काम_पोस्ट | बुध, १२/०३/२०२५ - २३:१०

सकाळी अर्धवट सोडलं होतं. 'सभागृह मोडलं नाही' यावर.

स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांच्या आतच रामगुलाम आणि द्युव्हाल, जे निवडणुकीत एकमेकांच्या उरावर बसले होते, एका सरकारात आले. दंगलीनंतर देश शांत करायला हे बरंच म्हणायचं. पण याच तडजोडीत पुढची निवडणूक लांबली. ती १९७६ पर्यंत झालीच नाही. मधे १९७० ला पांप्लमूस-त्रिओले मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. पंतप्रधान रामगुलाम यांच्याच बालेकिल्ल्यात, आणि जिंकला कोण? देव वीरासामी, नव्या एमएमएम पक्षाचा तरुण. (हेच पुढे क्रिओल भाषेतले मोठे नाटककार झाले.) यावर सरकारने काय केलं? पोटनिवडणुकाच बंद करून टाकल्या. १९७१ च्या डिसेंबरात आणीबाणी, वर्तमानपत्रांवर बंधनं, एमएमएमचे नेते पॉल बेरांजे आणि त्यांचे साथीदार तुरुंगात. आपल्या आणीबाणीच्या साडेतीन वर्षं आधी, हे लक्षात घ्या.

मे १९७५ ला शाळेतली पोरं रस्त्यावर उतरली. त्यातून मतदानाचं वय १८ वर आलं आणि माध्यमिक शिक्षण फुकट झालं. १९७६ च्या डिसेंबरात अखेर निवडणूक. तुरुंगातून सुटलेल्यांचा एमएमएम ७० पैकी ३४ जागा घेऊन पहिला, मजूर पक्षाची आघाडी २८, द्युव्हाल ८. २८ आणि ८ एकत्र आले, सरकार वाचलं, दोनाचा फरक. मग १९८२ ला एमएमएम आघाडीने मुख्य बेटावरच्या ६० च्या ६० जागा मारल्या. रामगुलाम स्वतः पडले. आणि उठून बाजूला झाले. एक दगड फेकला गेला नाही. पुढच्या वर्षी त्याच म्हाताऱ्याला गव्हर्नर जनरल केलं.

आता चौकोनाचा फायदा बघा. साठच्या साठ जागा एका बाजूला गेल्यावर विरोधी बाकावर बसायला माणूस कोण? मास्तरांच्या भागाकारातून आलेले. १९९५ ला पुन्हा साठ-शून्य. गेल्या नोव्हेंबरातही ६२ पैकी ६० एकाच आघाडीला. हा भागाकार नसता तर मंगळवारचा तो खास प्रश्न विचारणार कोण, आणि यांच्या टॅक्सीवाल्याने बघितलं काय असतं?

---

निंबोणी | गुरु, १३/०३/२०२५ - ११:२०

मी विरोधात. वय २७, म्हणून म्हणा हवं तर.

२००५ मध्ये 'रेझिस्तान्स एक आल्तर्नातिव' या छोट्या पक्षाच्या उमेदवारांनी तो चौकोन भरायला नकार दिला. अर्ज बाद. ते कोर्टात गेले, वरच्या कोर्टात गेले. (शेवटचं अपील अजूनही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात जातं, स्वराज्य म्हणे!) शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे. समितीने २०१२ ला म्हटलं की इतक्या जुन्या मोजणीवर माणसाला समुदाय जाहीर करायला लावणं हा हक्कभंग आहे. २०१४ ला एका निवडणुकीपुरती सूट दिली. २०१९ ला पुन्हा जैसे थे, पुन्हा अर्ज बाद.

तुम्ही सगळे 'किंमत', 'हमी' म्हणताय. हमी कुणाला? ज्याची आई चिनी आणि बाप क्रिओल समाजातला त्याने काय लिहायचं? आणि ज्याला काही लिहायचंच नाही त्याला निवडणूक लढवायचा हक्क नाही? १९४८ ला सही येत नाही म्हणून बाहेर, आता चौकोन भरत नाही म्हणून बाहेर. दारावरचा माणूस बदलला, दार तेच.

---

ओसरीवरचा | गुरु, १३/०३/२०२५ - १२:०५

@निंबोणी, शेवटच्या वाक्याला उत्तर सुचत नाहीये. सही शिकता येते, हा माझा दुबळा बचाव. चौकोनाला शिकण्यासारखं काही नाही, हेही आलं लक्षात.

---

मांडवीपार | गुरु, १३/०३/२०२५ - १२:४०

सूट कायमची द्यावी आणि भागाकार पक्षांच्या मतांवर करावा, म्हणजे विरोधकही राहतील आणि चौकोनही जाईल. तिथे अशा सूचना कितीदा तरी आल्यात, पण त्यासाठी घटना बदलायला तीन चतुर्थांश मतं लागतात, आणि ज्याला साठ जागा मिळाल्या त्याला घाई कसली?

---

खारेवारे | शनि, २४/०५/२०२५ - ०९:१८

धागा वर काढतोय. परवा, २२ मेला, ब्रिटन आणि मॉरिशसचा चागोस बेटांचा करार झाला. सार्वभौमत्व मॉरिशसला, त्यातल्या दिएगो गार्सियाचा लष्करी तळ ९९ वर्षांच्या भाड्याने ब्रिटनकडे. वाचता वाचता मागे गेलो आणि माझेच मार्चमधले प्रतिसाद आठवून ओशाळलो.

सप्टेंबर १९६५, लंडनला स्वातंत्र्याची बोलणी चालू. ब्रिटनचे पंतप्रधान विल्सन आणि रामगुलाम यांची वेगळी भेट ठरली. त्या भेटीसाठी विल्सनला दिलेलं टिपण आता उघड आहे. त्यात लिहिलंय की या माणसाला आशेने घाबरवायचं: स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसबाबत शहाणपण दाखवलं नाही तर मिळणार नाही ही भीती. नोव्हेंबरात ही बेटं मॉरिशसपासून तोडली, बदल्यात ३० लाख पौंड. पुढे तिथल्या माणसांना जहाजात भरून मॉरिशस आणि सेशेल्सला आणून सोडलं, त्यांना कुणी काही विचारलं नाही. २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की हे तोडणंच बेकायदा होतं.

मी म्हणालो होतो की इंग्रजांनी सभागृहाची शिस्त ठेवली. ठेवली खरी, पण जमिनीचा एक तुकडा कापून घेऊन.

---

निंबोणी | शनि, २४/०५/२०२५ - १०:०२

आणि या करारातही चागोसच्या लोकांना खुर्ची नव्हती. त्यातल्या कित्येकांनी तशी तक्रार केलीय. सही पुन्हा दुसऱ्यांचीच.

---

शेवंतीचीवेणी | शनि, २४/०५/२०२५ - १५:३७

सहीवरून आठवलं. @ओसरीवरचा, त्या आजीच्या कागदाचा फोटो आहे का हो तुमच्याकडे? बैठकांत शिकवणारे बहुतेक हिंदीवाले असत. मराठी घरातल्या बाईने सही कशी केली असेल याची मला मार्चपासून उत्सुकता आहे, तेव्हा विचारायचं राहून गेलं.

---

ओसरीवरचा | रवि, २५/०५/२०२५ - २०:५५

काल रात्री टॅक्सीवाल्याला मेसेज केला, आज त्याने चौकट भिंतीवरून उतरवून, काच पुसून फोटो पाठवला. मोठा करून पाहिला. मी तिथे दोनदा उभा राहून पाहिलं होतं तरी हे नजरेतून सुटलं होतं.

पहिल्या ओळीत मास्तरांच्या वळणदार अक्षरात आहे 'तुलसा'. दुसरी, तिसरी ओळ तशीच. चौथ्या ओळीत मधल्या अक्षरावर खाडाखोड, पेन्सिल इतकी दाबलीय की कागद फाटलाय. आणि पाचव्या ओळीपासून खालपर्यंत, वाकडंतिकडं, दोन्ही वाटोळ्यांतलं एक मोठं एक लहान, पण स्पष्ट 'तुळसा'. घरातल्या कुणीतरी तिला ळ काढून दाखवला असणार. कुणी ते नातवाला माहीत नाही.

मी त्याला फोन करून हे सांगितलं. त्याने तीन-चारदा म्हणून पाहिलं, त्याला ळ येत नाही. "तुलसा, तुलसा," करत हसत होता. मग म्हणाला, पोरीला देतो फोन, तिला शाळेत मराठी आहे.